मांस निखाऱ्यावर शिजवू नका, निखाऱ्यावर फक्त रंग आणा

खारघरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांना बीपी आणि शुगर दोन्ही आहेत. डॉक्टरांनी तळलेलं कमी करायला सांगितलं म्हणून घरी कोळशाची लहान शेगडी घेतली. आता दर रविवारी काचेच्या सरकत्या खिडक्या लावलेल्या बाल्कनीत चिकन टिक्का, अधूनमधून मटण बोटी आणि मुलांसाठी तयार चिकन सॉसेज भाजले जातात. मसाला पाकिटातला, वरून बटर. भाऊ म्हणतो, भाजलेल्या मांसाने कॅन्सर होतो, शेगडी काढून टाक आणि एअर फ्रायर घे. पुढच्या महिन्यात वडिलांची एकसष्टी आहे, पंचवीस-तीस माणसं येणार, गच्चीवर शेगडी मांडायचा बेत आहे. तर शेगडी ठेवायची की नाही, आणि मांस भाजायची त्यातल्या त्यात बरी पद्धत कोणती?

ताई, मी बरीच वर्षं हॉटेलात तंदूरवर काम केलं आणि आता नवी मुंबई, पनवेल भागात हळदी-लग्नाला, फार्महाऊसवरच्या कार्यक्रमांना लाइव्ह शेगडी लावतो. त्यामुळे रोज हाताखालून जातं त्याच्या आधारावर सांगतो. शेगडी फेकायची गरज नाही. पण आहे त्या जागेवरून ती आधी हलवा.

तुमच्या प्रश्नात कॅन्सरची काळजी आहे आणि ती रास्त आहे, पण तो धोका वर्षानुवर्षांच्या खाण्याचा असतो. बंद बाल्कनीत पेटवलेल्या कोळशाचा धोका त्याच संध्याकाळचा असतो. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, मग शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं धुराने किंवा उन्हाने झालं असेल. सगळ्यात वाईट म्हणजे धूर थांबला, ज्वाळा गेल्या, कोळसे राखाडी होऊन शांत दिसू लागले तरी हा वायू निघतच राहतो. उलट मंद धुमसणाऱ्या कोळशात तो जास्तच तयार होतो. म्हणून 'आता विझत आलीय, पाऊस आला, आत घेऊ' असं कोणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. एक खिडकी उघडी ठेवून हे भागत नाही. कोळसा फक्त उघड्या आकाशाखाली. गच्चीसाठी सोसायटीच्या कमिटीची परवानगी लेखी घ्या, आणि शेगडीपाशी पाण्याची आणि वाळूची एकेक बादली ठेवा. काहीजण मग ठाण्याच्या येऊरला वगैरे जाऊन शेगडी पेटवायचा विचार करतात. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, जंगलात आग पेटवायला मनाई आहे, तिकडे नको.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय 'शेगडी की एअर फ्रायर', पण खरा प्रश्न उपकरणाचा नाही. मांसाला किती धग लागते, किती वेळ लागते, आणि चरबी कशावर गळते, एवढ्या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. हे तीन सांभाळले तर कोळशावरही बरं भाजता येतं, आणि नाही सांभाळले तर तव्यावरचं मांसही तितकंच वाईट होऊ शकतं.

भावाचं म्हणणं पूर्ण चूक नाही, म्हणून त्यामागचं कारण सांगतो. मांस कडक आचेवर, साधारण १५० अंश सेल्सिअसच्या वर, बराच वेळ राहिलं की त्यातली प्रथिनं, साखर आणि स्नायूंमधलं क्रिएटिन यांच्यातून हेटरोसायक्लिक अमाइन नावाचे पदार्थ तयार होतात. हे मांसातच, त्याच्या तापलेल्या पृष्ठभागावर घडतं. दुसरा प्रकार बाहेरून येतो. चरबी आणि तेल निखाऱ्यावर टपकतं, चर्र होतं, भपकन धूर उठतो, आणि त्या धुरातले बेंझोपायरिनसारखे पदार्थ मांसावर जाऊन बसतात. बेंझोपायरिन तंबाखूच्या धुरातही असतं. प्रयोगशाळेत प्राण्यांना हे पदार्थ मोठ्या मात्रेत दिले तेव्हा त्यांना कॅन्सर झाला. माणसांच्या बाबतीत, रविवारी चार तुकडे खाल्ल्याने नेमकं किती बिघडतं असा काटेकोर हिशेब मांडता येत नाही, कारण कोण किती करपवून खातो, सोबत काय खातो, सिगारेट ओढतो का, हे सगळं त्यात येतं. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या लोकांना घाबरवत नाही, पण टाळता येतं ते टाळायला नक्की सांगतो, कारण टाळणं फारसं अवघड नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. शेगडीवरच्या मांसाची जी खास चव असते ती बरीचशी कोळशाची नसतेच. ती मांसातला रस आणि चरबी तापलेल्या जागेवर पडून उठणाऱ्या धुराची असते. मुंबईत २०२५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने हॉटेलांना कोळशाचे तंदूर सोडून गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं, तेव्हा आता चव गेली म्हणून बरीच ओरड झाली. तो निर्णय हवेच्या प्रदूषणासाठी होता. पण तंदूर चांगला तापलेला असेल तर गॅसवरच्या टिक्क्यात आणि कोळशावरच्यात फरक ओळखणारी माणसं फार थोडी, हा माझा अनुभव आहे. म्हणजे जो धूर चव देतो तोच धूर नकोसे पदार्थही आणतो. दोन्ही एकाच वाटेने येतात. धूर अजिबात नको म्हटलं तर शेगडीचा आनंद गेला, आणि भरपूर हवा म्हटलं तर भाऊ म्हणतो ते खरं ठरेल. माझा मार्ग यातून असा आहे: मांस निखाऱ्यावर शिजवायचंच नाही. ते आधी सौम्य आचेवर शिजवून घ्यायचं आणि निखाऱ्यावर शेवटची तीन-चार मिनिटं फक्त रंग आणि वास आणायचा.

वाफेचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, कुकरमध्ये ते १२० च्या आसपास जातं. म्हणजे शिजण्याचं मुख्य काम या दोन्हींत ज्या तापमानाला होतं, तिथे ते नकोसे पदार्थ जवळजवळ तयारच होत नाहीत. मग शेगडीवर कच्चं चिकन पंधरा-वीस मिनिटं ठेवण्याऐवजी शिजलेलं तीन मिनिटं ठेवलं की धग लागण्याचा वेळही कमी आणि चरबी गळण्याचं प्रमाणही कमी. अगदी वेळ नसेल तर चिकन मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवून सुटलेलं पाणी काढून टाकलं तरी फायदा होतो. क्रिएटिन त्या पाण्याबरोबर निघून जातं आणि करपताना तयार होणारे पदार्थ बरेच कमी होतात. ते पाणी मोरीत ओतू नका, रश्शाला उकळून वापरा. उकळण्याने त्यात काही वाईट होत नाही. फक्त शेगडीवरच्या मांसावर ते ब्रशने लावू नका.

घरी एक किलो चिकनसाठी मी असं करायला सांगतो. बोनलेस तंगडीचं मांस घ्या, कातडी आणि दिसणारी पिवळी चरबी काढून टाका. छातीचं मांस जास्त कोरडं, पण चरबी आणखी कमी. वडिलांसाठी तेही चालेल, फक्त तुकडे मोठे ठेवा. आलं-लसूण भरपूर, अर्धा लहान चमचा हळद, अर्ध्या लिंबाचा रस आणि एक सपाट लहान चमचा मीठ लावून दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. ओट्यावर नाही, आपल्याकडच्या हवेत ओट्यावर ठेवलेलं कच्चं चिकन म्हणजे आजाराला आमंत्रण. लसूण, हळद, लिंबू यांचं काम चवीपुरतं नाही. असं मुरवलेलं मांस भाजलं तर ते अमाइन कमी तयार होतात, हे तपासून पाहिलेलं आहे. मग मोदकपात्रात तुकडे एका थरात पसरून सात-आठ मिनिटं वाफवा. तोवर बांधून ठेवलेल्या दह्याचा चक्का, काश्मिरी मिरची, धणे-जिरे, गरम मसाला आणि चमचाभर तेल एकत्र करा. चक्का घट्टच हवा. पातळ दही निखाऱ्यावर टपकत राहतं. वाफवलेल्या तुकड्यांना हा मसाला पातळ लावा. तुकडा उचलल्यावर मसाला थेंबाथेंबाने गळत असेल तर तो जास्त झाला, बोटाने निपटून काढा. हॉटेलात दिसायला छान म्हणून जाड लेप देतात. तो जाड लेपच आधी करपतो आणि त्याचीच काळी खपली बनते. साखर, मध, गोड सॉस हे सगळं शेगडीवर जाण्याआधी लावायचं नाही. फारच हवं असेल तर उतरवल्यावर.

वाफवलेले तुकडे लगेच शेगडीवर गेले पाहिजेत. अर्धवट शिजवून संध्याकाळपर्यंत ठेवून देणं सगळ्यात वाईट, कारण त्या कोमट अवस्थेत जंतू झपाट्याने वाढतात. आधल्या दिवशीच तयारी करायची असेल तर पूर्ण शिजवा, लवकर गार करा, फ्रिजमध्ये ठेवा.

शेगडी कशी पेटवता यावर निम्मं अवलंबून आहे. रॉकेल ओतू नका, त्याचा वास आणि काजळी मांसात उतरते. गॅसवर लोखंडी जाळी ठेवून चार कोळसे लाल करा आणि बाकीच्यांत मिसळून पंख्याने वारा घाला. मग थांबा. जवळजवळ सगळ्यांना याच वेळी घाई होते. ज्वाळा दिसत असताना मांस ठेवायचं नाही. कोळसे वरून राखाडी आणि आतून लाल झाले, हात जाळीच्या वीतभर वर धरून चार-पाच सेकंद सहन होतोय, म्हणजे शेगडी तयार. या अवस्थेला यायला अर्धा तास लागतो. तुमची शेगडी लहान आहे, तरी कोळसे सगळीकडे पसरू नका, एका टोकाला सरकवा. दुसऱ्या टोकाला जाळीखाली जुनी स्टीलची ताटली पाणी घालून ठेवा. मांसाचा मुक्काम पाण्याच्या बाजूला, निखाऱ्याच्या बाजूला फक्त रंग आणण्यापुरतं न्यायचं. भडका उडाला तर मांस बाजूला घ्या. त्यावर पाणी मारू नका, राख उडून तुकड्यांना चिकटते.

सळई मिनिटा-मिनिटाला फिरवत राहा. एकाच बाजूवर सोडून गप्पा मारत बसलं की ती बाजू आधी तपकिरी, मग काळी होते. सारखं उलटत राहिल्याने पृष्ठभाग फार तापत नाही आणि आतपर्यंत शिजतंही नीट. वाफवलेला तुकडा निखाऱ्यावर गेला की पहिल्या मिनिटाला मसाल्याचा ओलसरपणा जातो, दुसऱ्याला कडा आकसून लालसर होतात, तिसऱ्याला कुठे कुठे गडद ठिपके उठतात. त्या ठिपक्यांवर थांबायचं. ठिपके एकमेकांना मिळून काळा पट्टा झाला की तो पट्टा ताटात जायला नको, सुरीने कापून टाका. फेकायला जीव होत नाही हे मी समजू शकतो, पण लहान मुलांना आणि वडिलांना तो द्यायचा नाही. आणि हेही ध्यानात ठेवा, फक्त काळेपणा म्हणजे वाईट असं नाही. कडक धगीवर फार वेळ ठेवून सुकवलेलं मांस काळं न होताही तसंच असतं.

बटरचा ब्रश बंद करा. शेगडीवर तूप-लोणी टपकवणं म्हणजे आपणच धूर तयार करणं, आणि वडिलांच्या दृष्टीने ते तसंही नकोच. सुकं वाटत असेल तर लिंबाचा रस आणि पाणी समसमान करून त्यात कांद्याचा अर्धा तुकडा बुडवून तो फिरवा. कच्चं मांस ज्या मसाल्यात मुरलं तो मसाला वरून लावायचा नाही, आणि कच्च्याची ताटली भाजलेल्याला वापरायची नाही.

शिजलंय की नाही याचा अंदाज रंगावरून घेऊ नका, काश्मिरी मिरचीमुळे कच्चंही शिजल्यासारखं दिसतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्याच. चिकनच्या मध्यभागी ७४ अंश (चिकनच्या खिम्यालाही तेवढंच), मटण खिम्याच्या कबाबला ७१, मटणाच्या अख्ख्या तुकड्याला किंवा मासळीला ६३ पुरे. करपण्याच्या भीतीने कच्चं खाणं हा उपाय होऊ शकत नाही. कच्च्या चिकनचा त्रास कॅन्सरसारखा वर्षांनी नाही, काही तासांत किंवा दिवसांतच होतो.

धुंगाराचंही विचाराल म्हणून सांगतो. वाटीत पेटता निखारा, त्यावर चमचाभर तूप, झाकण घालून दोन-तीन मिनिटं. आत होतं तेच जे शेगडीवर होतं, म्हणजे तूप निखाऱ्यावर पडून धूर. फरक मात्रेचा. पाच थेंब तूप आणि दोन मिनिटं असेल, आणि ते पाहुणे आले तेव्हा असेल, तर माझी हरकत नाही. रोजच्या भाजीला, डाळीला धुंगार द्यायची जी पद्धत आलीय ती मात्र मी घरी करणार नाही.

वडिलांकडे येऊ. बीपीवाल्यासाठी भाजलेल्या चिकनमधला सगळ्यात मोठा शत्रू धूर नाही, मीठ आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून एक लहान चमचा. पाकिटातल्या तयार तंदुरी मसाल्यात आणि पेस्टमध्ये मीठ आधीच भरपूर असतं, त्यावर आपण पुन्हा घालतो, मग वरून चाट मसाला आणि सोबत चटणी. पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. मी वर लिहिलेल्या मापाने किलोभर चिकन सहा जणांत वाटलं तर एका माणसाच्या वाट्याला ग्रॅमच्या आत मीठ येतं. आंबटपणा वाढवला की मीठ कमी झालेलं जाणवत नाही. शुगरच्या बाबतीत चिकनपेक्षा सोबतचं काय ते बघा. टिक्का आणि तीन नान हे टिक्का आणि दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मोठी वाटी कोशिंबीर यापेक्षा वेगळं जेवण आहे. शुगर आणि बीपी दोन्ही असल्यावर किडनीची तपासणी डॉक्टर करायला लावतातच. तिथे काही निघालं असेल तर प्रथिनं किती खायची हे डॉक्टरच ठरवतील, मग माझं वरचं कुठलंही प्रमाण त्यांच्यासाठी धरू नका.

मटण लाल मांसात येतं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाल मांस 'बहुधा कॅन्सरकारक' आणि प्रक्रिया केलेलं मांस 'कॅन्सरकारक' असं वर्गीकरण केलं. चिकन आणि मासळी त्या लाल मांसात धरलेली नाही. शिजवलेलं लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत असावं असा सर्वसाधारण सल्ला असतो, वडिलांसाठी मी त्याहून बरंच कमी धरेन. बोटी करायचीच तर कच्च्या पपईत तासभर मुरवून कुकरला तीन-चार शिट्ट्या घ्या (बोकड जून असेल तर जास्त), पाण्याचं सूप करा आणि बोटी दोन मिनिटं निखाऱ्यावरून फिरवा. कच्ची बोटी शेगडीवर शिजवायला गेलात तर ती मऊ होईपर्यंत बाहेरून कोळसा होते.

त्याच वर्गीकरणामुळे मुलांच्या सॉसेजबद्दल मला तुमच्या भावापेक्षा जास्त काळजी वाटते. सॉसेज, सलामी, हॅम ही प्रक्रिया केलेली मांसं, आणि चिकनचं असलं तरी ते त्यातच येतं. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असा त्या संस्थेचा निष्कर्ष होता. ते तंबाखूच्याच गटात आहे म्हणजे तंबाखूइतकं घातक आहे असा अर्थ नाही. पुरावा किती पक्का आहे यावर तो गट ठरतो. तुमची मुलं रोज खात नाहीत, पण सॉसेज म्हणजे मीठ, टिकवण्यासाठी घातलेलं नायट्राइट आणि चरबी, आणि तेच तुम्ही निखाऱ्यावर ठेवता. त्याऐवजी चिकनचा खिमा, बारीक कांदा (पिळून), कोथिंबीर, आलं-लसूण एकत्र करून लांबट वळा, आधी वाफवा, मग शेगडीवर फिरवा. आकार तोच असला की मुलं तक्रार करत नाहीत.

आता एअर फ्रायर. चांगलं साधन आहे, घ्यायला हरकत नाही. त्यात चरबी निखाऱ्यावर पडत नाही म्हणून धुराचा भाग जवळजवळ संपतो. पण तो २०० अंशांवर ठेवून चिकन कडक होईपर्यंत चालवलं तर पहिला प्रकार, म्हणजे ते अमाइन, राहतोच. १८० वर ठेवा, अधूनमधून उलटा. ओव्हनमध्ये वरून तापणारा ग्रिल असेल तर तोही चांगला, कारण चरबी धगीपासून दूर खाली पडते. विजेच्या बार्बेक्यूला कॉइल खाली असते, तिच्या खालच्या ट्रेमध्ये पाणी भरायला विसरू नका. तवा किंवा ग्रिल पॅन सुरक्षित आहे असं लोक धरून चालतात, पण कडकडीत तव्यावर दाबून भाजलेल्या मांसात हे अमाइन भरपूर तयार होतात. पावसाळ्यात, गच्चीवर शेगडी मांडता येत नसताना, तुम्ही एअर फ्रायरच वापरा.

आणि खारघरला राहून शेगडीचाच विचार कशाला करायचा? तुमच्या आजूबाजूला, पनवेल-उरण-अलिबागकडे, थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डा या वासाच्या रानवनस्पतीचा पाला, त्यावर ओवा आणि जाडं मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, आणि मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात गुंडाळून मधोमध. तोंड पुन्हा भांबुर्ड्याने गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, पालापाचोळा, लाकडं पेटवायची. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. आग मडक्याबाहेर, चिकन आत स्वतःच्या आणि शेंगांच्या वाफेत शिजतं, त्यामुळे चरबी विस्तवावर पडतच नाही. मडक्यावर पाण्याचा हबका मारला आणि ते चर्र होऊन लगेच उडून गेलं की झालं. वडिलांसाठी याहून चांगलं चिकन मला सुचत नाही, फक्त मीठ हात आखडून घाला.

मासळीलाही तीच युक्ती. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या बाजारातून ताजा बांगडा आणा. बांगड्यात तेल असतं, ते हृदयाला चांगलं, पण उघड्या निखाऱ्यावर ते सगळं गळून धूर होतं. केळीचं पान आचेवरून भरभर फिरवा, ते गडद हिरवं आणि लवचीक होतं, मग दुमडताना फाटत नाही. बांगड्याला चिरा देऊन कोथिंबीर, लसूण, हिरवी मिरची आणि कोकमाच्या आगळाचं वाटण भरा, दोन पदरी पानात गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि जाळीवर दोन्ही बाजूंनी सहा-सात मिनिटं ठेवा. बाहेरचं पान करपून काळं होईल, होऊ द्या. करपतं ते पान, मासा आत पांढराशुभ्र राहतो आणि पानाचा वास त्याला लागतो. सुके बोंबील थेट आचेवर भाजायची आपली सवय आहे, ते क्षणभराचं काम असतं. पण ते खारवलेले असतील तर बीपीवाल्याने जपून.

एकसष्टीचं सांगायचं तर पंचवीस-तीस माणसांना तुमच्या लहान शेगडीवर कच्चं मांस भाजायला गेलात तर पाहुणे ताटकळतील आणि घाईत आच वाढवून सगळं करपेल. आधल्या दिवशी सगळं चिकन वाफवून, पूर्ण शिजवून, उथळ भांड्यांत गार करून फ्रिजमध्ये टाका. त्या दिवशी मसाला लावायचा आणि लहान-लहान घाण्यांनी गरम करत रंग आणायचा, आतपर्यंत वाफाळेल इतकं. सळईवर निम्मा माल भाज्यांचा लावा: सिमला मिरची, कांदा, मशरूम. भाज्यांत क्रिएटिन नसल्याने ते अमाइन त्यांत तयार होत नाहीत, आणि मांस आपोआप निम्म्यावर येतं. शेगडी वाऱ्याच्या दिशेने अशी मांडा की धूर टाकीच्या खोलीकडे किंवा जिन्यात जाणार नाही. ज्येष्ठांना धुराच्या वाटेत बसवू नका, वडिलांना तर नाहीच. बाहेर मांडलेलं जेवण दोन तासांत संपवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा, ३२ अंशांच्या वर गरमी असेल तर एका तासात. आणि जेवणं झाल्यावर शेगडी लिफ्टने घरात आणायची नाही. कोळशांवर पाणी ओतून, ढवळून, पुन्हा ओतून, हात लावून थंड झाल्याची खात्री करा आणि राख रात्रभर गच्चीवरच पत्र्याच्या डब्यात ठेवा.

बोटी ठेवायची की फक्त चिकन, हे वडिलांचे किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टर काय म्हणतात त्यावर ठरवू. ते कळलं की इथेच लिहा, तीस माणसांचं माप मी काढून देतो.